राजाला शह नव्हता

जुंबेरने पिस्तूल बुद्धिबळाच्या घड्याळाशेजारी ठेवलं आणि पांढरी मोहरी आपल्याकडे ओढून घेतली.

"एक सांगून ठेवतो, लमाराबाई. मध्येच डाव सोडायचा नाही. मला मात हवी. लोकांना टीव्हीवर मात दिसली, की तुमचा भाऊ त्या फाटकाबाहेर."

तिबिलिसीची टीव्हीची इमारत जुंबेरच्या माणसांनी सोमवारी घेतली होती. मोठा स्टुडिओ जळून गेला होता, म्हणून पट बातम्यांच्या खोलीत, खिडकीपाशी मांडला होता. खालच्या गालिच्यावर पहारेकऱ्याचं रक्त अजून ओलं होतं. अंगणात भिंतीशी मालखाज उभा होता, बर्फात अनवाणी, हात मागे बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला. लमाराने भावाकडे एकदा पाहिलं आणि मग पटावरून नजर उचलली नाही.

कॅमेरा सुरू झाला. "शहर शांत आहे," जुंबेर हसून म्हणाला. तेवढ्यात मागच्या गल्लीत तोफगोळा पडला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. कॅमेरावाला दचकला. जुंबेरच्या माणसाने त्याच्या बरगडीत बंदुकीचा दस्ता घातला.

देशोदेशीच्या खेळाडूंना लमाराने घाम फोडला होता. या माणसाकडून हरताना तिलाच घाम फुटला. तिने वजीर त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला, त्याला दिसला नाही. पुन्हा ठेवला, तेव्हा त्याने तो खाल्ला. मग हत्ती दिले, उंट दिले, घोडे दिले, प्यादी दिली. या मारामारीत शेवटी तिचा एकटा राजा उरला, आणि त्याचे राजा आणि वजीर. तरी त्याला मात करता येईना. माणसाने ठोंब्या तरी किती असावं! शेवटी तिनेच आपला राजा चालवत कोपऱ्यात नेला.

जुंबेरने बराच विचार केला आणि वजीर ठेवला, कोपऱ्यातल्या राजापासून नेमका अडीच घरांवर.

"मात," तो म्हणाला.

मात नव्हतीच. राजाला शह नव्हता, फक्त हलायला एकही घर उरलं नव्हतं. म्हणजे डाव बरोबरीत. या शहरात दुधाचे दात न पडलेली पोरंसुद्धा हे सांगतील.

सगळ्यांनी घड्याळापाशी बसलेल्या पंचांकडे पाहिलं. वार्लामकाका चाळीस वर्षं पंच होते. चुकीच्या मोहऱ्याला हात लावला म्हणून पोटच्या पोराला त्यांनी भर स्पर्धेत तेच चालायला लावलं होतं आणि हरू दिलं होतं. लमाराला पहिली चाल त्यांनीच शिकवली होती. त्यांनी घड्याळ थांबवलं. खिडकीतून खाली बघितलं.

"मात," ते म्हणाले, आणि आपल्या सुरेख अक्षरात तसं लिहून सही केली.

लमाराला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

जुंबेर शब्दाला जागला. खिडकीतून त्याने खूण केली, दोर कापले गेले आणि मालखाज पाय ओढत फाटकाकडे निघाला. शंभरेक पावलं होती.

तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा, मग तिसरा. फोन घ्यायला बसलेल्या इरमाने एक उचलला, ऐकलं आणि घाईने ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले. सगळे फोन वाजत होते. बाहेर गोळे पडत होते, घरात पाव नव्हता, आणि हे शहाणे लोक तळघरातून वर येऊन फोन फिरवत होते.

"माझं अभिनंदन करताहेत," जुंबेर खुशीत म्हणाला आणि त्याने एक फोन स्वतः उचलला. पलीकडच्या म्हातारीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"टीव्हीवाला ना तू, बाळा? वार्लामला म्हणावं, डोळे तपासून घे. मात कसली? राजाला शह होता कुठे? बरोबरी झाली ती."

"बरोबरी?"

"मग! आमची लमारा मुद्दाम हरत होती, आंधळ्यालाही दिसलं. त्या बंदूकवाल्या रेड्याला तेवढं कळलं नाही. खाली तळघरात सगळे हसून हसून लोळताहेत. किती दिवसांनी हसतोय बघ."

जुंबेरने फोन अगदी हळू खाली ठेवला.

"म्हातारी बाई आहे," वार्लामकाका घाईने उठत म्हणाले. "तिला काय कळतंय? पंच मी आहे. मी सांगतो, मात—"

पिस्तुलाचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. ते पटावर कोसळले आणि मोहरी चहूकडे उडाली.

जुंबेरने खिडकी उघडली. फाटक मालखाजपासून दहा पावलांवर होतं. लमाराने जुंबेरचा हात धरला, पण मागून कुणीतरी तिचे केस धरून तिला खाली ओढलं. दोन गोळ्या सुटल्या. मालखाज पालथा पडला. त्याचा एक हात थोडा वेळ बर्फ उकरत राहिला.

फोन वाजतच होता.

"घ्या," जुंबेर तिला म्हणाला. "तुमचीच माणसं आहेत."

लमाराने फोन उचलला. पलीकडे कुणी पुरुष होता, संकोची आवाजाचा.

"माफ करा हं, त्रास देतोय. तेवढं पंचांना सांगाल का? राजाला शह नव्हता."

वार्लामकाका गालिच्यावर गुडघे टेकून रक्त थुंकत होते.

"त्यांना माहीत आहे," लमारा म्हणाली.