मुदतवाढ

सोमीच्या बाळाचे पाय आधी बाहेर आले, तरी ललिता सिस्टर घाबरली नाही. बाळंतपणाचं पुस्तक तिने ग्रंथालयातून थेट डोक्यात उतरवून घेतलं होतं. हल्ली सगळे असंच शिकत. मुदत संपली की पुस्तक परत जाई आणि त्यातलं काहीच आठवत नसे.

बाळ खांद्यांपर्यंत आलं आणि ललिताचे हात थांबले.

"काय झालं, सिस्टर?" सोमीच्या सासूने विचारलं.

"पुस्तक गेलं." वादळामुळे पाड्यावर रेंज नव्हती, मुदत वाढणार कशी? "आजी, तुम्ही कधी बाळंतपण केलंय?"

"माझी आई करायची. मला कुणी शिकवलंच नाही. सिस्टरच्या डोक्यात पुस्तक असतं, म्हणायचे."

ललिताने अंदाजाने ओढलं. सोमी किंचाळली. बाळ बाहेर आलं, पण रडलं नाही.

ललिता त्याला फडक्यात गुंडाळत असताना रेंज आली आणि मुदतवाढ आपोआप मिळाली. ओढायचं नव्हतं. बाळाला हातावर तोलून धरत डोकं हळूच सोडवायचं होतं. सगळं तिला ओळ न् ओळ आठवलं.

"सिस्टर," सोमीने क्षीण आवाजात विचारलं, "तुम्ही सगळं बरोबर केलंत ना?"