उजवीकडचे थेंब

"बोट पुढं कर," हरीओम म्हणाला.

अंजूनं हसत हात पुढं केला. "साखरपुड्यात अंगठी घातली, आता सुई टोचून राह्यले काय तुमी?"

"मॅडमले नमुने पाहिजेत. माह्यं बी रक्त घेतो ना."

मॅडमचं नाव उगाच घेतलं होतं. वैजयंती मॅडम नागपूरला गेल्या होत्या आणि वाशीमच्या कॉलेजची ती प्रयोगशाळा रविवार म्हणून बंद होती. हरीओम तिथला मदतनीस, किल्ली त्याच्याकडेच. खरी गोष्ट अशी, की अंजूचा भाऊ नवव्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला, हे हरीओमच्या आईच्या, तुळसाबाईच्या कानावर आलं होतं. "पोरीचं रक्त पाहून घे. तुह्या हातातच मशीन हाये," ती म्हणाली होती. भित्रा माणूस आईला पुढं करतो. शंका त्याचीही होती.

अंजू गेल्यावर त्यानं चिप काढली. काडेपेटीएवढी ती काचेची वडी मॅडमनी स्वतः बनवलेली. आत केसासारख्या बारीक वाटा. एकीतून रक्त यायचं, दुसरीतून औषध, बाजूनं तेल. तिन्ही भेटली की तेलात एकसारखे थेंब तुटत आणि ओळीनं पुढं सरकत, मोहरीचे दाणे मांडावेत तसे. थेंब नितळ राहिला तर रक्त चांगलं. गढूळ झाला तर सिकलसेलचा दोष, जो धडधाकट माणसातही लपून असतो आणि लेकरांत उतरतो. चिपवर अशा दोन ओळी शेजारीशेजारी होत्या. संशयाच्या रक्ताशेजारी चांगलं रक्त चालवायचं, म्हणजे फरक लगेच कळतो, असा मॅडमचा नियम.

चांगलं रक्त म्हणून हरीओमनं स्वतःचं घेतलं. दुसऱ्या कुणाचा विचारही त्याच्या मनात आला नाही. डावीकडं स्वतःचं, उजवीकडं अंजूचं.

दोन वर्षं तो हे थेंब कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहत आला होता. पण कॅमेरा मॅडमसोबत नागपूरला गेलेला. म्हणून त्यानं पहिल्यांदाच मायक्रोस्कोपला डोळा लावला. चिप जरा सरकवायला गेला, तर ती भलतीकडंच पळाली. आपलेच हात कापताहेत, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

डावीकडचे थेंब नितळ होते. उजवीकडचे गढूळ.

त्याला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, आणि तेच जास्त खरं होतं.

दोन दिवसांनी सोयरीक मोडायला तो धनजला अंजूच्या वडिलांसमोर बसला. जानरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"दवाखान्यात एकदा दाखवून पाहू काय?"

"कायले, मामाजी? मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

अंजू दारात उभी होती. "अन् तुमचं? तुमचं बी घेतलं होतं ना?"

"माह्यं साफ हाये."

वाशीमच्या प्रयोगशाळेतला माणूस बोलला, मग पुन्हा कोण तपासत बसतो? तुळसाबाईनं आठवड्याभरात ही गोष्ट दहा गावांत पोचवली. अंजूला स्थळं येईनाशी झाली. शेवटी मानोऱ्याकडचा एक बिजवर तयार झाला, दोन लेकरांचा बाप. तिला मूल होऊ द्यायचं नाही, एवढीच त्याची अट. अंजूनं होकार दिला. आपल्या रक्ताची आता तिलाच धास्ती वाटत होती.

हरीओमला मात्र महिन्याभरात दुसरं चांगलं स्थळ आलं. पत्रिका छापून झाल्या आणि तो पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेला, तेव्हा वैजयंती मॅडम नव्या विद्यार्थिनींना मायक्रोस्कोप दाखवत होत्या. एकीनं डोळा लावून चिप सरकवली आणि ती दचकलीच.

"मॅडम, मी इकडं ढकलते तर हे तिकडं जातंय!"

मॅडम हसल्या. हरीओमच्या हातातला पेढा घेत म्हणाल्या, "पडद्यावर आपण चित्र सरळ करून पाहतो गं. नुसता डोळा लावला की सगळं उलटं. डावीकडचा थेंब उजवीकडं दिसतो."