पहिल्या गिअरचे दात

मृण्मयीनं चाक रॉकेलमधून काढलं, चिंधीनं पुसलं आणि उन्हात धरलं. पहिल्या गिअरचं चाक. दातांच्या कडा कुरतडल्यासारख्या तुटल्या होत्या.

"नाना, हे बघा."

व्यंकटराव पोर्चमध्ये स्टुलावर बसून बेअरिंग पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिनं चाक वडिलांच्या डोळ्यांपुढं धरलं.

"झिजलंय," ते म्हणाले. "ही ॲम्बेसेडर तुझ्याहून मोठी हाय. झिजणार नाय तर काय."

"झिजलं असतं तर दातांचं अंग गुळगुळीत झालं असतं. अंग चांगलं आहे. नुसती टोकं उडालीत, आणि तीही एकाच बाजूची. चाक आत शिरतं ती बाजू." तिनं एका दातावर नख ठेवलं. "तुटलेली जागा अजून चकाकतेय. सगळं या वर्षातलं आहे."

"इंजिनियर केली तुला, तर माझ्याच गाडीचं पोस्टमार्टम करायलीस व्हय?"

ती हसली नाही. या जुन्या गाडीच्या पहिल्या गिअरला वेग जुळवून घेणारं पितळी कडं नव्हतं. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये थोडी रेस द्यायची आणि इंजिनाचा आवाज योग्य जागी आला की दांडा ढकलायचा. आवाज चुकला की दातावर दात आदळतात. ती खरखर शेजारच्या गल्लीत ऐकू जाते.

आत पलंगावर उमाबाई पडून होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असे, पण यंदाच्या उन्हाळ्यात त्याची वेळ ठरलेली नव्हती. दवाखान्यात मशीनला लागणाऱ्या पाण्याचा टँकर आला की फोन यायचा आणि लगेच निघावं लागायचं. गाडी खोलल्यापासून त्या रिक्षातून जात. येताना खड्ड्याखड्ड्याला कण्हत. आजारी पडेपर्यंत त्या नवऱ्याशेजारी पुढंच बसायच्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. या वर्षी मागच्या लांबरुंद सीटवर आडव्या होऊन जायला लागल्या होत्या. "गाडी होऊ दे, मीच नेणार तिला," असं व्यंकटराव रोज म्हणत. त्या स्टिअरिंगला त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"गिअर टाकताना खरखर व्हायची का, नाना?" त्यांच्यासमोर बसत तिनं विचारलं, तसे ते तिच्या ओठांकडं बघू लागले.

"छ्या! तुपात बोट घातल्यावानी पडायचा."

"एकदाही नाही?"

"झाली असती तर ऐकू आली नसती का?"

मृण्मयी हातातल्या चाकाकडं बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तो खिडकीत होता, व्यंकटरावांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर. ते बेअरिंग पुसत होते. फोन वाजत राहिला. ती उठू शकली असती. उठली नाही, त्यांच्याकडं बघत बसली.

"अगं मनू, फोन वाजायलाय!" आतून उमाबाई ओरडल्या. "दवाखान्याचा असंल!"

व्यंकटरावांनी बेअरिंग उजेडात धरून फिरवलं. पुन्हा पुसायला घेतलं.

मृण्मयीनं उठून फोन घेतला. टँकर आला होता. ती हलली तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं.

"कुणाचा फोन?"

"तुमच्या मागंच वाजत होता, नाना. बराच वेळ."

त्यांनी वळून खिडकीकडं पाहिलं. मग तिच्या हातातलं चाक घेतलं आणि एकेका दातावरून अंगठा फिरवत गेले. पूर्ण फेरा झाला.

"इतक्या वेळा?" त्यांनी विचारलं.

तिनं मान डोलावली. मग ती रिक्षा बघायला गेली.

दुसरं चाक शहागंजातल्या भंगारात मिळालं. त्याच्या जोडीचा खालचा शाफ्टही तिनं तिथूनच उचलला. एक बदललं आणि दुसरं जुनंच ठेवलं तर दोन्ही एकमेकांना खातात. बापलेकीनं मिळून गिअरबॉक्स बंद केला, जॅकवरच्या गाडीखाली झोपून वर चढवला. शेवटचा बोल्ट व्यंकटरावांनी आवळला. या सगळ्यात 'मीच नेणार' हे ते एकदाही म्हणाले नाहीत. तेल भरून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मैदानावर ने. हात बसू दे." आणि पुढचे काही दिवस ती रोज संध्याकाळी गाडी घेऊन गेली. ते फाटकात उभे राहून बघायचे.

पुढचा फोन दुपारी आला. मृण्मयीनं आईला धरून बाहेर आणलं. व्यंकटरावांनी किल्ली शर्टाला पुसली, तिच्या तळहातावर ठेवली आणि मागचं दार उघडून आत सरकले. उमाबाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"अहो, तुम्ही मागं?" त्या पुटपुटल्या.

त्यांना ते ऐकू आलं नसावं.

जालना रोड पाइपलाइनसाठी खणून ठेवला होता. पुढं एक टँकर गळत, सावकाश चालला होता. त्याच्या मागं मृण्मयीनं वेग कमी केला. इंजिनाचा आवाज उतरू लागला. ती क्लच दाबणार, तोच तिच्या सीटमागं पत्र्यावर धप्प आवाज झाला. नानांचा पाय घसरला असेल, असं तिला वाटलं. गिअर मुकाट्यानं पडला.

पुढच्या खड्ड्यापाशी पुन्हा तसंच झालं.

तिसऱ्यांदा टँकर थांबायला आला, तेव्हा तिनं क्षणभर मान वळवली. उमाबाईंचे डोळे मिटलेले होते. सुयांनी काळानिळा झालेला त्यांचा हात नवऱ्याच्या गुडघ्यावर होता. इंजिनाचा आवाज उतरला तसं त्यांचं बोट गुडघ्यावर दोनदा आपटलं, आणि व्यंकटरावांचा डावा पाय, जिथं काहीच नव्हतं तिथं, खाली दाबला गेला.