सहाव्या फेरीतला प्रॉक्टर

पाचवी फेरी संपली तरी कर्टिसचा पत्ता नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या टीमची पाळी आली की नव्वद सेकंद उलटे मोजले जायचे, आणि वेळ संपली की कॉम्प्युटर आपल्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव स्वतःच उचलायचा. पाचही वेळा हेच झालं.

"यंत्राने टीम बरी जमवलीय," मर्ल म्हणाला. बार त्याचाच. "कर्टिसपेक्षा तरी बरी."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी चोरून व्हर्नकडे पाहिलं. व्हर्न कर्टिसचा बाप.

एकोणीस वर्षं ही टोळी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मर्लच्या मागच्या खोलीत जमत होती. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आळीपाळीने वाटून घ्यायचे, ज्याने त्याने आपली कागदावरची टीम करायची, आणि ते गडी मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण मोजत डिसेंबरपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढायची. घरबसल्या कॉम्प्युटरवरूनही निवड करता यायची. पण एरी सरोवराच्या काठचा माणूस मर्लची तळलेली पर्च मासळी सोडून घरी कशाला बसेल?

कर्टिस गेल्या वर्षी मार्चमध्ये घर सोडून गेला. "या उंबऱ्यात परत पाय ठेवू नकोस," हे व्हर्नच बोलला होता. बोलून गेला खरा. सतरा महिने फोन बंद, पत्रं न उघडता परत. पोरगा जिवंत आहे की नाही, एवढंही कोणी सांगेना. त्या उन्हाळ्यात व्हर्न गॅरेजचं दार आतून लावून तासन्‌तास गाडीत बसून राहायचा. लॉरेन, त्याची बायको, बाहेरून दार ठोकत राहायची.

मग गेल्या ऑगस्टला, सहाव्या फेरीत, कर्टिसच्या टीमने ओडेल प्रॉक्टरला उचललं.

पहिल्या पाच फेऱ्यांत शहाणा माणूस आणि यंत्र एकच नावं घेतात. माणूस कळतो तो सहाव्या-सातव्या फेरीत, मधल्या फळीतले रिसीव्हर निवडताना. लांब पळून पास झेलणारे हे गडी. धड नावाजलेले नाहीत, धड टाकाऊ नाहीत. तिथे ज्याचा त्याचा जीव कुठे अडकलाय ते दिसतं. प्रॉक्टर त्यांच्याच गावच्या शाळेतला. कर्टिस दहाव्या वर्षी बापाबरोबर या खेळात आला तेव्हापासून दर साली सहाव्या फेरीत त्यालाच घ्यायचा, आणि सगळे त्याची टर उडवायचे. गेल्या वर्षी ते नाव पडद्यावर आलं तेव्हा व्हर्न बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडला. पोरगा कुठेतरी आहे. तेवढ्या एका नावावर त्याने वर्ष काढलं.

लॉरेनला याचं काही नव्हतं. आज सकाळी तो म्हणाला, "येईल ना गं तो?"

"तो खेळ काढू नकोस माझ्यापुढे," ती भांडी विसळत म्हणाली. "जा, जेवायची वाट बघत नाही मी."

कशी काय ही इतकी कोरडी झाली, कोण जाणे. आईचं काळीज म्हणतात.

"व्हर्न, लेका, तुझी पाळी," शेजारचा डच कोपराने ढोसत म्हणाला.

व्हर्नने समोर दिसलं ते नाव दाबलं.

"बॅसेट? अरे म्हाताऱ्या, तो मंगळवारी पाय मोडून घेऊन बसलाय. वर्षभर खेळत नाही तो."

"असू दे."

"पेपर तरी वाचत जा."

एरवी या चुकीवर त्यांनी त्याला नाताळापर्यंत सोलून काढलं असतं. आज डचने गुपचूप बिअरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. व्हर्नने तो उचलला नाही.

प्रॉक्टर आता तेहेतिसाचा. एक गुडघा कामातून गेलेला, यंत्राच्या यादीत दोनशे तिसरा. यंत्र त्याला सात जन्मांत घेणार नव्हतं. व्हर्नने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज ते नाव आलं नाही तर पोरगा गेला असं धरायचं, आणि मग आपणही उगाच अन्नाला भार होऊन राहायचं नाही. लॉरेनला बहिणीचा आधार आहे. गॅरेजची किल्ली खिशातच होती.

कर्टिसची पाळी लागली. नव्वद. सत्तर. चाळीस. वीस. व्हर्नने डोळे मिटून घेतले.

"व्हर्न," मर्लचा आवाज आला. "बघ."

कर्टिसच्या टीमपुढे ओडेल प्रॉक्टर.

व्हर्न उठला तो खुर्ची पाडूनच. डचने त्याला मिठी मारली, कोणीतरी पाठीवर थापा मारल्या, आणि तो नुसता "आहे रे, आहे" म्हणत राहिला. सतरा महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

"माझ्या पाळ्या तू बघ," तो डचला म्हणाला.

"आणि तू कुठे निघालास?"

"लॉरेनला सांगतो. ती ऐकायची नाही, पण आज ऐकवतोच."

घर सहा मिनिटांवर. वाटेत त्याने पक्कं केलं, उद्या पुन्हा पत्र लिहायचं, माफी मागायची, या वेळी एकही सबब न सांगता. मागच्या दाराने तो स्वयंपाकघरात शिरला. पंखा घरघरत होता. लॉरेन पाठमोरी बसली होती.

"लॉरेन, अगं, आपला पोरगा..."

तिला ऐकू गेलं नाही. कर्टिसच्या खोलीतला जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन, चष्मा नाकावर ओढून, ती पडद्यावर एकेका नावावर बोट ठेवत सातव्या फेरीसाठी कर्टिसला साजेलसा गडी शोधत होती.