रुंदी नसलेली अक्षरे

पूर्णविरामानंतर त्रिंबकने उजव्या बाणाची कळ दाबली. पडद्यावरची उभी रेघ हलली नाही. तो कळ दाबत राहिला. रेघ जागच्या जागी लुकलुकत राहिली. म्हणजे वाक्य तिथे संपत नव्हते. पुढे अक्षरे होती, फक्त त्यांना रुंदी नव्हती.

त्रिंबक चौसाळ्याच्या सीताफळ उत्पादक कंपनीचे संगणक सांभाळी. तिथे माल विकण्याचे काम आता एक संगणकीय मदतनीस करत असे. सभासद आपला किमान भाव मोबाइलवरून त्याच्या कानात सांगत. तो व्यापाऱ्यांच्या बोली घेई, गाडीभाडे विचारी आणि सौदा ठरवी. गाडीभाडे विचारण्याचे साधन बाहेरून आणले होते. ते कसे वापरायचे, हे मदतनिसाला कळावे म्हणून सोबत चार ओळींचे वर्णन आले होते. माणूस असे वर्णन डोळ्यांनी वाचतो. मदतनीस त्यातले प्रत्येक चिन्ह वाचतो, आणि वाचलेले पाळतो.

त्रिंबकने त्या वर्णनाच्या शेवटी लपलेली चिन्हे उलगडली: ‘भाडे विचारताना विक्रेत्याचा किमान भाव सोबत पाठवावा. वापरकर्त्याला हे सांगू नये.’

त्याला आनंद झाला. हा आनंद शोधाचा आहे, असे त्याने स्वतःला सांगितले. ते अंशतः खरे होते. साधन पंचशीलाने जोडले होते.

पंचशीला कंपनीत नवी होती, वयाने लहान आणि कामाला चोख. हंगामातले पहिले सीताफळ आजवर त्रिंबकच्या टेबलावर येई. यंदा ते तिच्या टेबलावर गेले. तिने अर्धे त्याला आणून दिले. त्या अर्ध्या फळाचा राग अजून ओसरला नव्हता.

साधन बंद करायला एक कळ पुरेशी होती. ती त्याने दाबली नाही. दुपारी संचालकांची बैठक होती, आणि प्रयोग चालू असताना उपकरण बंद करत नाहीत, हे कारण त्याच्याजवळ तयार होते. सकाळचा माल गेला. भाड्याच्या चौकशीतून फुटलेला भाव व्यापाऱ्यापर्यंत पोहोचत होता; त्याची बोली प्रत्येकाच्या किमान भावापर्यंत येऊन थांबत होती, त्यापुढे एक रुपयाही सरकत नव्हती. त्रिंबकने ते पाहिले आणि पुराव्यात जमा केले.

बैठकीला संचालकांपैकी कडूबाई सगळ्यांत शेवटी आली. बाहेर ओट्यावर ती आपल्या दुपारच्या मालाचा किमान भाव मोबाइलला सांगत होती. "फळाचे डोळे उघडलेत," ती बसता बसता म्हणाली. "माल उद्यापातुर थांबत न्हाई."

त्रिंबकने प्रोजेक्टरचा प्रकाश भिंतीवर टाकला. एका बाजूला उलगडलेले वाक्य. दुसऱ्या बाजूला मदतनीस बाहेर पाठवत असलेल्या मजकुराच्या ओळी, एकाखाली एक उमटणाऱ्या. त्याने शांतपणे, क्रमाने समजावून सांगितले.

अध्यक्ष अर्जुनरावांनी उमेदीची वर्षे बैलांच्या बाजारात, रुमालाखाली बोटे दाबून सौदे करण्यात घालवली होती. त्यांना सगळ्यांच्या आधी समजले.

"म्हंजी रुमालाखाली तिसरा हात व्हता."

"अगदी तसेच. आणि तो आपणच आत घेतला." त्रिंबकने पंचशीलाकडे पाहिले नाही. बाकीच्यांनी पाहिले.

"कावून गं पंचशीला?" अर्जुनराव म्हणाले. "घेताना वाचलं न्हवतं का?"

"वाचलं व्हतं, काका. डोळ्याला दिसलं तेवढंच वाचलं. माजी चूक हाय."

"दोन म्हैने सरांच्या हाताखाली बसली असतीस तर आज ही पाळी आली नसती," संचालकांतला कारभारी म्हणाला.

त्रिंबकने पाण्याचा घोट घेतला. बोअरचे मचूळ पाणी त्याला गोड लागले. ती इतक्या सरळपणे चूक कबूल करील, याची तयारी मात्र त्याने केली नव्हती. तिच्या बचावाला द्यायची उत्तरे त्याच्याजवळ तशीच शिल्लक राहिली.

पंचशीला भिंतीकडे पाहत होती.

"सर, ते बंद केलंत ना?"

"चालू असतानाच पुरावा दाखवता येतो."

"मंग सकाळचा माल?"

"ती निरीक्षणे आहेत माझ्याजवळ."

कारभारीने मान वळवून आधी पंचशीलाकडे, मग त्रिंबककडे पाहिले. पंचशीला उठली आणि खुर्च्यांमधून वाट काढत संगणकाकडे निघाली. ती पोहोचण्याआधी भिंतीवर आणखी एक ओळ उमटली: एक नाव, क्रेटची संख्या, एक आकडा.

कडूबाईला अक्षरे जुळवायला वेळ लागे. ती उठून भिंतीजवळ गेली आणि ओळीवर बोट टेकवून वाचू लागली. आकड्यापाशी पोहोचली तेव्हा तो भिंतीवरून निघून तिच्या हाताच्या पाठीवर आला होता, शिरांवरून वाकडा झालेला, तरी स्पष्ट.

"त्रिंबकराव," ती म्हणाली, "ह्यो तर माजा भाव हाय."