दुर्बीण पारखताना

“इच्यातून वाघाच्या मिशा मोजता येतात, काका,” दुकानदार जीवन म्हणाला आणि हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची एक दांडगी दुर्बीण त्यानं काउंटरवर ठेवली. खोक्यावर बंदूक घेतलेला गोरा साहेब होता आणि त्याच्यामागे भल्यामोठ्या शिंगांचं हरीण. शिकार बंद होऊन जमाना झाला, पण दुर्बीण अजून शिकारीच्याच नावानं विकली जाते. रेणूला हसू आलं. तरी तिचा हात आधी तिकडेच गेला.

आज तिला कशाचंही हसू येत होतं. उद्या सकाळी कोका अभयारण्याचं गेट पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडणार होतं आणि पहिल्या जिप्सीत गाईड म्हणून करडी गावची रेणू बसणार होती. खाकी शर्ट इस्त्री होऊन खुंटीला लागला होता. राहिली होती ती फक्त दुर्बीण. जवळ साडेतीन हजार होते आणि ते एकदाच खर्च होणार होते. चुकीची वस्तू गळ्यात पडली, तर वर्षभर पर्यटकांना ‘तिकडे काहीतरी हललं बघा’ एवढंच सांगत बसायची वेळ आली असती. म्हणून पारखायला तिनं बाबांना भंडाऱ्याला आणलं होतं.

बाबांची, म्हणजे चंद्रभानची, नजर साऱ्या करडीत नावाजलेली. चाळीस वर्षं त्यांनी मागावर करवती काठाच्या साड्या विणल्या. करवतीसारख्या दातांचा तो काठ, एकेक दात मोजूनमापून काढायचा. तुटलेला धागा ते चालता चालता हेरत. त्या नजरेचा त्यांना गर्वही तेवढाच होता. आठ वर्षांपूर्वी इथल्याच यादोराव व्यापाऱ्यांनी त्यांची एक साडी परत केली, काठात चूक आहे म्हणाले. चंद्रभाननी साडीकडे नजरसुद्धा टाकली नाही. “माह्या हातची चूक? पाहाची गरज नाही,” एवढं बोलून ते दुकानाच्या पायऱ्या उतरले, ते पुन्हा चढले नाहीत. दोघांनी तीस वर्षं एका कपातला चहा अर्धा-अर्धा घेतला होता. साडी खपेना, तेव्हा यादोरावांनी ती दुकानाच्या दारात टांगून दिली. ती अजून तिथंच होती, आणि जीवनचं दुकान नेमकं त्या दारासमोर. चंद्रभान आत आले तेच मान दुसरीकडे वळवून.

जीवन म्हणाला, समोरची पाटी वाचून पाहा.

“पाटी त नुसत्या डोळ्यानंबी वाचता येते,” चंद्रभान म्हणाले. “मले धागा दिसला पायजे.”

आता त्या गल्लीत धागा पाहायचा तर तो एकाच दारात टांगलेला. चंद्रभाननी दोनदा घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजानं शिकारी दुर्बीण तिकडे रोखली. लगेच खाली घेतली. काठ थरथरतो, म्हणाले. एका साडीच्या दोन होतात, आणि कडेला जो जांभळा धागा दिसतो तो मी टाकलेलाच नाही. मग जीवननं खिशात मावणारी नाजूक दुर्बीण दिली. तिच्यातून भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. पहाटेच्या जंगलात ती काय दाखवणार? रेणूचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तिला खालच्या फळीवर एक काळी दुर्बीण दिसली. ना ठिपके, ना साहेब, ना हरीण. खोका एका कोपऱ्यात चेपलेला. जीवननं ती जरा नाखुशीनंच काढली. साधी आहे, फार मोठं दाखवत नाही, म्हणाला. किंमत मात्र पैशात बसत होती. आता सगळी भिस्त हिच्यावरच होती.

चंद्रभाननी ती डोळ्यांना लावली. मधलं चाक हळूहळू फिरवलं आणि थांबले. मग हललेच नाहीत. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले, एक बस गेली. दर वेळी दुर्बीण जागच्या जागी, वाट मोकळी होण्याची वाट पाहत. जीवन शिकारी दुर्बिणीचे गुण सांगून सांगून थकला. रेणूनं हळूच विचारलं, “काय झालं बाबा? वाघ दिसंल ना हिच्यातून?”

चंद्रभाननी दुर्बीण तिच्या हातात दिली, चपला पायात सरकवल्या आणि सरळ रस्ता ओलांडून यादोरावांच्या पायऱ्या चढले.

आजच्या दिवशी भांडण नको, असं मनात म्हणत रेणूनं घाईघाईनं दुर्बीण लावली. बाबांचा चेहरा एकदम हाताच्या अंतरावर आला, पापण्यांसकट. त्यांचं एक बोट साडीच्या काठावर टेकलेलं होतं. यादोराव गादीवरून उठत होते. बाबा काहीतरी बोलले आणि त्यांची मान खाली गेली. बाबांची मान खाली गेलेली रेणूनं आजवर पाहिली नव्हती. मग यादोरावांचा हात त्यांच्या खांद्यावर आला. कुणीतरी चहाचा एक कप आणला आणि तो दोघांत फिरला.

थोड्या वेळानं चंद्रभान परत आले. बगलेत ती साडी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. डोळे ओले होते, पण चालण्यात वेगळाच झपाटा होता.

“मग काका, कोनती बांधू?” जीवननं विचारलं. त्याचा हात अजून शिकारी खोक्यावरच होता.

“काळी,” चंद्रभान म्हणाले. “हिच्यात माही चूक दिसली.”