बैठा संप

"इतिहास एकटा माणूस घडवत नाही, गट घडवतो!" डायकस्ट्रासर अकरावीच्या वर्गात गरजले. कोरीनच्या गटात मात्र तो वर्षभर कोरीन एकटीच घडवत होती; वायट चिप्स खाई, ड्वेन डुलक्या काढी, गुण तिघांना सारखे पडत. आज पोस्टरसाठी त्यांच्या वाट्याला मिशिगनमधल्याच मोटारकामगारांचा १९३७चा संप आला. कामगार यंत्रं थांबवून कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि मालकाला नमवूनच उठले. कोरीनने वाचलं, मार्करला टोपण लावलं, हाताची घडी घातली. "काय झालं गं?" वायट दचकला. "संपावर बसलेय. पोस्टर तुम्ही करायचं." "अगं, तुझी शिष्यवृत्ती बुडेल!" "बुडू दे. तुमचं वर्षही बुडेल." ड्वेन सरांकडे धावला. "कारखान्यात मी ढवळाढवळ करत नाही," सर म्हणाले. तास संपत आला. अखेर वायटने मार्कर उचलला. "मान्य गं बाई! आपला विषय तेवढा सांग."